बाहेरची भाकरी

विमलनं नवऱ्याचा सदरा बादलीत बुडवण्याआधी नाकाशी धरला. पऱ्हाटीचा धूर. मागच्या खेपेलाही हाच वास होता. खामगावच्या त्यांच्या दोन खोल्यांत कोळशाची शेगडी होती. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या जळायच्या त्या खेड्यातल्या चुलीत. आणि ओसरीवर बसून बोलणाऱ्या माणसाच्या कपड्याला चुलीचा धूर असा लागत नाही. त्यासाठी आत, चुलीपाशी बसावं लागतं.

"आजबी जेवून आले का?" तिनं मोरीतूनच विचारलं.

"हो."

"त्यांच्याचकडं?"

"सत्यभामाबाईंकडं," शालिग्राम म्हणाला.

नाव घेताना त्याचा आवाज खाली गेला नाही की वर चढला नाही. तेच तिला जास्त लागलं. लपवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तिनं सदरा पाण्यात दाबला आणि वर येऊ नये म्हणून त्यावर दगड ठेवावा तसा हात ठेवून बसली.

शालिग्राम कॉलेजात शिकवायचा. गेल्या भादव्यात पूर्णेला पाणी असताना, पलीकडच्या गावाहून महालक्ष्म्यांचं जेवून परतणाऱ्या माणसांची नाव धामणखेड्याच्या काठाशी उलटली होती. जवळजवळ प्रत्येक घराला सुतक लागलं. मागं राहिलेली माणसं कशी जगतात, कशाला भितात, रात्री झोपतात का, हे सगळं पुण्याच्या एका संस्थेला लिहून हवं होतं. वऱ्हाडी कळणारा माणूस म्हणून ते काम शालिग्रामकडं आलं. दिवाळीपासून तो आठवड्यातून दोनदा नांदुऱ्याच्या एसटीत बसायचा आणि पुढं नदीपर्यंत पायी जायचा.

काम मिळालं तेव्हा त्यानं मोठ्या हौसेनं विमलला त्याचे नियम सांगितले होते. विचारायचं, लिहून घ्यायचं. मध्ये बोलायचं नाही. आपलं काही सांगायचं नाही. आणि कोणाच्या घरी जेवायचं नाही, पाणी चालेल.

"पाणी चालते?" विमल हसली होती. "आपल्याकडं पाण्यासंगं गूळ येते. त्याचं काय करान?"

"गुळाचं पुण्याला विचारून सांगतो," तोही हसला होता.

ते हसणं माघापर्यंत कुठंच उरलं नाही. तो आता न्हाणीत डोक्यावरून पाणी घेत नसे. ओला पंचा अंगावरून फिरवून बाहेर येई. पावसाळी नालीपाशी आल्यावर थोरल्या पोरीचं मनगट एवढं घट्ट धरी, की तिला वळ उठे. विमल दुधाचं, फीचं, माहेरच्या लग्नाचं काही सांगू लागली की तो मान हलवत ऐके आणि शेवटी म्हणे, "बरं. मग?" तिकडच्या माणसांना तो असाच विचारत असणार, हे तिला एकदा जाणवलं, आणि त्यानंतर तिनं सांगणंच कमी केलं.

जेवणाचं तर नावच नको. ताटातला भात तो इकडून तिकडं करी. वरणाला बोट लावी. भाकरी मोडून तिचे तुकडे ताटाच्या कडेला मांडून ठेवी.

विमलच्या हातच्या भाकरीला माहेरी, मोताळ्यात नाव होतं. तिला पाहायला आले तेव्हा सासरे महादेवराव पोरीला एक प्रश्न न विचारता तीन भाकरी जेवले होते आणि उठताना म्हणाले होते, "तारीख काढा." आणि आता त्या भाकरीचे तुकडे ती रोज सकाळी गायीला घालत होती.

तेवढंही तिनं सोसलं असतं. माणूस थकला, म्हटलं असतं. पण त्या बाईकडून आला की तो वेगळा दिसे. डोळे सुजल्यासारखे, पण चेहरा धुतल्यासारखा. त्या दिवशी तो पडल्या पडल्या झोपे. घरी दहा हातांनी वाढलं तरी जे होत नव्हतं, ते तिकडं एका जेवणात होत होतं. आणि तेही नियम मोडून.

"आहे तरी काय तिच्या हातात?" एकदा तिनं विचारलंच.

"पिठलं असतं," तो म्हणाला. आणखी काही बोलेल म्हणून ती उभी राहिली. तो लिहून आणलेले कागद लावत बसला.

परीक्षेच्या कामासाठी त्याला दिवसभर कॉलेजात थांबायचं होतं, तो दिवस विमलनं धरला. मोताळ्याला भावाकडं जाऊन येते, म्हणाली. पहाटे पुरण घातलं. पोळ्या अशा लाटल्या, की कापडासारख्या घडी व्हाव्यात. पितळी डबा फडक्यात बांधला आणि ती नांदुऱ्याच्या एसटीत बसली.

सत्यभामा अंगणात तूर पाखडत होती. विमलच्याच वयाची, उंच, नाकीडोळी नीटस. कपाळ मोकळं. विमलनं इतके दिवस मनात जी बाई धरली होती, तिच्याहून ही देखणी होती. दारातल्या बाजेवर तिची सासू गीताबाई पाय सोडून बसली होती.

"कोनाची तू, माय?" गीताबाईनं विचारलं.

"खामगावचे मास्तर येतात ना, त्यांच्या घरची."

"मास्तरीनबाई व्हय? सत्यभामे, सूप ठेव. मास्तर लिहून लिहून थकला, आता बायको धाडली त्यानं."

सत्यभामा हसली नाही, पण पदरानं हात पुसून तिनं घोंगडी अंथरली. विमलनं फडकं सोडून डबा पुढं सरकवला. झाकण उघडताच तुपाचा, वेलदोड्याचा वास अंगणभर झाला. दोघी सासू-सुना त्या पोळ्यांकडं पाहत राहिल्या.

"वास मोठा चांगला हाये," गीताबाई हळू म्हणाली. "पन आमचं वरीस नाही फिरलं, माय. आमच्या घरी गोड चालत नाही."

विमलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही. पण डबा भरताना तिच्या डोळ्यांसमोर एकच घर होतं, जिथं तिचा नवरा जेवतो ते. ज्या घरातून सत्यभामाचा धनी आणि लेक एका दिवशी गेले, ते घर तिला दिसलंच नव्हतं.

"असू द्या, आत्याबाई," सत्यभामानं झाकण लावलं. "शेजारच्या लेकरायले देतो. तुम्ही आत चला, बाई. चहा ठेवतो."

आत चुलीजवळ एक तरट अंथरलेलं होतं. चुलीत पऱ्हाट्या धुमसत होत्या. विमल तरटाच्या कडेला टेकली.

"मास्तर तिथंच बसते," बाजेवरून गीताबाईचा आवाज आला.

विमल थोडी सरकली. मग सगळा प्रवासभर घोळवलेलं वाक्य तिच्या तोंडून निघालं, पण ठरवलं होतं त्याहून बारीक आवाजात.

"हे घरी जेवत नाहीत. इथं जेवतात म्हणे. पिठलं तर माझ्याबी घरी होते."

सत्यभामानं आधणात चहाची पूड टाकली. तिला राग आलेला दिसला नाही.

"पहिल्या बारीले आले तवा मले काही इचारलंच नाही त्याइनं. कागद काढले, टाक काढला, अन् बसून राह्यले. मले वाटलं, बिमार हायेत. मंग समजलं, सकाळपासून उकंडरावच्या घरी होते. उकंडरावनं आपल्या घरचे चारी मयत सांगतले त्याइले. त्याच्या आंधी कारभारीचं घर. त्याच्या आंधी रुखमाबाईचं. आमी आपापल्या घरचं रडलो, बाई. त्याइनं साऱ्या गावाचं ऐकलं."

"तोंड पाह्यलं म्या त्याचं," गीताबाई मध्येच म्हणाली. "मसनातून आलेल्या मानसाचं असते तसं. इचारलं, भाऊ, तुमचं कोन गेलं? कोनीच नाही, म्हने. अन् पानी पेता येईना त्याले. गळ्याखाली उतरेच ना."

"मंग म्या म्हनलं, दोन घास खा," सत्यभामा बोलली. "ते म्हने, आमाले जेवाची मनाई हाये. म्हनलं, जेवनाले असन. कडू घासाले कोनाची मनाई?"

विमलनं मान वर केली. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. सोयरे, शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि दुःखात बसलेल्यांना बळंच दोन घास खायला लावतात. तो कडू घास. तिनंही किती घरी नेला होता. डब्यात पिठलं, वर उतरंडीनं भाकरी, आणि वाटेत कोणाशी बोलायचं नाही.

"पण त्यांच्या घरी मी होते ना," ती म्हणाली. "रोज ताट वाढून बसते मी."

"तू घरची," सत्यभामा एकदम तू-वर आली. "घरच्या बाईनं कडू घास देयाचा नसते. तो बाहेरूनच येते. आमाले तवा सोनाळ्याहून माह्या भावानं आनला. मले का रांधता येत नव्हतं?"

चहा उकळून वर आला. सत्यभामानं पातेलं उतरवलं.

"काही बोलतात का, जेवताना?" विमलनं विचारलं.

"नाही. रडतात."

विमलचं बोट तरटाच्या उसवलेल्या सुतात अडकलं होतं. तिनं ते ओढलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सासूबाई गेल्या तेव्हाही त्यानं तिच्यासमोर डोळे पुसले नव्हते. विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आला होता. सूत लांबत गेलं. नवरा दुसरीकडं जेवतो, हे तिला कळत होतं. हे तिला माहीत नव्हतं.

"तुमच्यासमोर?" तिनं विचारलं.

सत्यभामानं तिच्याकडं नीट पाहिलं. पहिल्यांदाच पाहावं तसं.

"मी भाकर थापतो," ती म्हणाली. "माही पाठ असते त्याइच्याकडं."

विमलनं बशीत ओतलेला चहा हातातच निवला. सत्यभामानं ती बशी तिच्या हातातून घेतली, मोरीत ओतली आणि नव्यानं भरून दिली. निघताना गीताबाई म्हणाली, "मास्तरले म्हना, बुढीनं लिहाले सांगतलं, तिले अजून खटाखट शिव्या देता येतात." विमलनं वाकून तिच्या पायांना हात लावला. सत्यभामाकडं मात्र तिला नीट पाहता आलं नाही. रिकामा डबा घेऊन ती वाटेला लागली. वाटेतही तिला चुलीपुढची ती ताठ पाठ दिसत होती, आणि त्या पाठीचा तिला अजूनही हेवा वाटत होता.

घरी आली तेव्हा उन्हं अंगणातून निघून गेली होती. पोरं बाहेर खेळत होती. शालिग्राम यायला थोडा वेळ होता. तिनं शेगडीत कोळसे रचले, त्यावर राकेलचा बोळा ठेवला, काडी ओढली. काडी बोटापर्यंत जळत आली. ती तिनं फुंकून टाकली आणि पदर खोचून भिंतीपलीकडच्या अन्नपूर्णाबाईंकडं गेली.

अन्नपूर्णाबाईंच्या भाकरीला विमल वर्षानुवर्षं नावं ठेवत आली होती. नाव अन्नपूर्णा आणि भाकरीला चिरा, असं ती पोरांसमोरही म्हणायची. अन्नपूर्णाबाई परातीपुढं बसल्या होत्या.

"आज आमच्याकडं भाकरी अन् पिठलं द्याल?"

"आमच्या हातची?" अन्नपूर्णाबाईंनी भुवया वर केल्या. "काऊन वं, सुगरणबाई? कोळसे सरले का?"

"कोळसे आहेत. आज पेटवायचं नाही."

अन्नपूर्णाबाईंचा पिठातला हात थांबला. त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग दाराकडं, मग हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं, विमल?"

विमल उंबऱ्यावरच बसली.

"धामणखेड्याची माणसं," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः घेऊन या. मी हातानं नेणार नाही." मग तिनं उंबऱ्यावरचं साडीला लागलेलं पीठ झटकलं. "नावं मलेबी सगळी माहीत नाहीत अजून."