डेरेकचा दात

मी एक जुना पियानो आहे. खरं म्हणजे अर्धाच उरलो आहे. पण मित्रांनो, अर्ध्याची हकीकत सांगायची तर आधी पुऱ्याची सांगावी लागते.

मी लंडनच्या एका कारखान्यात जन्मलो आणि उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशरच्या एका नाट्यगृहात कामाला लागलो. तिथे रोज गाणी, नकला आणि टोप्या उडवणारे विदूषक असत. प्रेक्षक सूतगिरणीतले. गाणं आवडलं तर सगळं थिएटर मोकळ्या गळ्याने साथ द्यायचं. नाही आवडलं तर नासकी संत्री यायची, कधी बूटही. नटाने चुकवलेला बूट हमखास माझ्या पोटात बसायचा.

विनी मला तिथेच भेटली. अंगात पुरुषी कोट, हातात वेताची काठी आणि वय कोवळं. एकदा कुणीतरी भिरकावलेली बाटली तिच्या कपाळावर फुटली. तिने बाहीने रक्त पुसलं आणि उरलेलं कडवं त्याच माणसाच्या डोळ्यांत बघत म्हटलं. तो उठून गेला. त्या पोरीवर माझा जीव जडला तो कायमचा.

पुढे नाट्यगृहाचं सिनेमागृह झालं आणि मी 'ब्लॅक ड्रेक' नावाच्या पबमध्ये जाऊन पडलो. माझ्यामागोमाग विनीही आली. दर शनिवारी ती माझ्यापुढे बसून जुनी गाणी म्हणायची. वय झालं तसा तिला दम लागू लागला. मग ती बोटं थांबवायची, मी थांबायचो, श्वास घेऊन पुन्हा दोघे निघायचो.

पबमधली मारामारी तर ठरलेलीच. एका शनिवारी फुटबॉलवरून जुंपली आणि विनीच्या बहिणीचा मुलगा डेरेक, ओतकामाच्या कारखान्यातला आडदांड गडी, तोंडघशी माझ्यावर आपटला. त्याचा पुढचा दात उडाला आणि माझ्या डाव्या पट्ट्यांच्या फटीत गेला. तेव्हापासून माझा एक सूर वाजताना आधी 'टक्' करायचा. सगळे त्याला डेरेकचा दात म्हणत.

मग लंडनहून लांब केसांचे चार गाणारे-वाजवणारे तरुण आले. त्यांना आजोबांच्या काळातल्या थिएटरसारखं गाणं करायचं होतं. विनीकडून त्यांनी जुन्या चाली ऐकल्या, तिच्या काठीवर लट्टू झाले. मग माझं पोट उघडून तारांवर पडणाऱ्या प्रत्येक मऊ हातोडीत एकेक ड्रॉइंग पिन ठोकली. माझा आवाज पत्र्यासारखा झणझणीत झाला. ''हाच! हाच तो जुना आवाज!'' असं म्हणत ते नाचले. मित्रांनो, त्या जुन्या काळी माझा आवाज तसा कधीच नव्हता. पण मला विचारतो कोण?

मला वाजवून केलेलं त्यांचं गाणं तबकडीवर निघालं आणि देशभर गाजलं. डेरेक छाती फुगवून सांगायचा, ''त्या गाण्यात माझा दात वाजतो, दात!'' पबच्या मालकाने, नॉर्मनने, तबकड्या वाजवणारं यंत्र आणलं. विनीने त्या गाण्याबरोबर गाऊन पाहिलं. दुसऱ्याच कडव्यात तिला धाप लागली. तबकडी पुढे निघून गेली.

त्या काळी आमच्याकडे उन्हाळी जत्रेत पियानो फोडण्याची शर्यत असे. दोन संघ, दोन पियानो, हातांत मोठाले घण. समोर फळीला ताटलीएवढं भोक. जो संघ आपला पियानो तुकडे करून आधी त्या भोकातून पार करील, त्याला बिअरचं पिंप. आता यंत्र आलं होतं, म्हणून नॉर्मनने मला तिथे देऊन टाकलं. मला फोडणाऱ्या संघाचा पुढारी डेरेक.

कर्ण्यावर माझंच गाणं लावलं होतं. बायका डोळे पुसत म्हणत होत्या, ''काय ते दिवस होते गं!'' आणि शिट्टी वाजली.

पहिल्या घावात माझं झाकण फुटलं. दुसऱ्यात डाव्या पट्ट्या दाढा उपटाव्यात तशा उडाल्या. माझ्या आतल्या हातोड्या मोडल्या, लाकडाच्या ढलप्या भोकात कोंबल्या गेल्या. लोक गाण्याच्या ठेक्यावर टाळ्या वाजवत होते, घणही त्याच ठेक्यावर पडत होते. मला फार भीती वाटली.

तेवढ्यात विनी काठी टेकत दोरी ओलांडून आत शिरली आणि माझ्या उरलेल्या भागावर पसरून पडली.

''मावशी, बाजूला हो! डोकं फुटेल तुझं!''

''फोड की! आधी बाटलीने फुटलंय, आता तुझ्या हातून!''

''अगं, गाणं आहे ना तबकडीत! मग हा खोका कशाला?''

''त्या तबकडीला सांग की, विनीला दम लागलाय, जरा थांब म्हणून! थांबते का बघ!''

डेरेकने घण खाली टाकला नाही. पलीकडचा संघ पुढे चालला होता आणि त्याचे सोबती ओरडत होते, ''ए डेरेक, म्हातारीला उचल की!'' तो तिला उचलायला वाकला. माझ्या फुटक्या लाकडात, ढलप्यांमध्ये, त्याला स्वतःचा पिवळा दात दिसला. त्याच क्षणी कर्ण्यावरचं गाणं दात वाजतो त्या जागेवर आलं. टक्.

डेरेकने दात मुठीत घेतला. मग घण टाकला आणि मला पाठ टेकून उभा राहिला. ''आता हात लावून दाखवा कुणी!'' एकाने लावला. त्याचं नाक फुटलं, डेरेकचा दुसराही दात गेला. बिअरचं पिंप अर्थातच हातचं गेलं.

आता मी विनीच्या घरी, पुढच्या खोलीत आहे. लोखंडी चौकट शाबूत आहे, उजव्या पट्ट्याही. डावीकडे भगदाड आहे. मित्रांनो, जुन्या गाण्यांनी तुमचे डोळे भरून येतात, चांगलंच आहे. पण डोळे पुसून झाले की जरा बघा, ते गाणं ज्याच्यातून आलं तो कुठे पडलाय. जमलं तर त्याच्यावरची धूळ तरी झटका.

दर रविवारी जेवण झालं की डेरेक माझ्या भगदाडापाशी स्टूल घेऊन बसतो. विनी उजव्या हाताने वाजवते आणि माझे गेलेले खालचे सूर तो तोंडाने काढतो, ''पम्, पम्, पम्.'' दोन दात नसल्याने त्यातून हवा सुटते. विनीला दम लागला की तो थांबतो. स्वतः चुकला की गुडघ्यावर काठी बसते.

''चुकलास. पुन्हा पहिल्यापासून.''

आणि तो पुन्हा सुरू करतो.