चादरीनं मोजलेला डोंगर

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मला वीस गुंठे जमीन मोजता आली नाही. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं, कारण पुढं हसण्यासारखं फारसं नाही. माझ्या त्या चुकीच्या भरवशावर धोंडप्पा नावाच्या एका माणसानं घर बांधलं आणि मोजणीच्या दिवशी असं निघालं, की ते घर त्याच्या जमिनीत नाहीच.

जमिनीचं खूळ बंदेनवाजभाईंचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा चादरीचा कारखाना आहे. त्यांची मुलगी गुलनाज माझी विद्यार्थिनी, तेव्हापासूनची आमची ओळख. चाळीस वर्षं कापसाच्या धुळीत काढल्यावर त्यांना असा खोकला लागला, की बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं. डॉक्टर म्हणाले, अधूनमधून मोकळ्या हवेत राहत चला. सोलापुरात मे महिन्यात मोकळी हवा म्हणजे मोकळी भट्टी. मग भाईंनी तुळजापूरच्या पलीकडं बालाघाटातला एक डोंगर शोधून काढला. पुण्यामुंबईची माणसं त्याला टेकाडसुद्धा म्हणणार नाहीत. पण आम्हाला शंभर फूट चढ दिसला, की महाबळेश्वर आल्यासारखं वाटतं. मलाही निवृत्तीनंतर घरात बसून रुक्मिणीशी भांडायचा कंटाळा आला होता. दोघांच्याही नावावर वडिलोपार्जित शेती असल्यामुळं कागदाची अडचण नव्हती. निम्मी निम्मी घेतली.

जमीन धोंडप्पाची. डोंगराचा उतार त्याचाच, त्यातला वरच्या रस्त्याला लागून असलेला तुकडा त्यानं आम्हाला दिला. रस्त्याकडेनं एकशे एकवीस फूट, खाली उताराला एकशे ऐंशी फूट. बरोबर वीस गुंठे. हा गुणाकार मी खरेदीखताच्या वेळी तोंडी करून दाखवला होता आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

खुणेचे दगड रोवायला गेलो त्या दिवशी टेप आणायची जबाबदारी माझ्याकडं होती. ती जेवणाच्या टेबलावरच राहिली. मी परत जाऊया म्हणत होतो, पण भाईंनी गाडीच्या डिकीतून चादरींचा गठ्ठा काढला.

"टेप कशाला पायजे? नव्वद इंचाची चादर हाय. सूतभर हिकडंतिकडं निघाली तर कारखाना बंद करतो," ते म्हणाले. आणि वर, "अपनी चादर झूट नै बोलती, सर."

नव्वद इंच म्हणजे साडेसात फूट. एकशे ऐंशीला चोवीस चादरी, पुरते दोन डझन. हिशेब इतका सुरेख बसला, की मीच खूश झालो. रस्त्याकडेनं सोळा चादरी आणि वर एक फूट झाला. मग उताराला लागलो. एक टोक धोंडप्पानं धरायचं, दुसरं भाईंनी, मी मोठ्यानं आकडा म्हणायचा. कुसळांतून, दगडांवरून, चादर पसरायची, ताणायची, पुढची लावायची. चोविसावी संपली तिथं मी चपलेनं रेघ मारली.

धोंडप्पा रेघेकडं बघत राहिला.

"सर, हितंच दगड रवायचा?"

"हितंच."

"नक्की की? खाली अजून..."

"अहो, मी गणिताचा मास्तर आहे," मी म्हणालो. जरा चिडूनच म्हणालो. मला कुणी उत्तर पडताळून बघितलेलं आवडत नाही.

धोंडप्पानं एकदम हात जोडले. मला वाटलं, भाईंनी त्याला दोन चादरी भेट दिल्या म्हणून असेल.

वर्षभरात त्यानं आमच्या दगडाच्या खाली तीन फुटांवर दोन खोल्यांचं घर बांधलं. तिथं थोडी सपाटी होती. गावातलं भाड्याचं घर सोडून तो आणि त्याची बायको नागम्मा वर राहायला आले. आम्ही महिन्यातून दोनदा जायचो आणि त्यांच्या ओट्यावर बसायचो. भाई त्या ओट्यावर दुपारी दोन दोन तास झोपायचे आणि एकदाही खोकायचे नाहीत. मी घड्याळ लावून बघितलं होतं. मग ठरलं, आपणही इथं एक खोली बांधू. ग्रामपंचायतीनं मोजणीचा नकाशा मागितला, म्हणून आम्ही मोजणीचा अर्ज केला. शेजारी म्हणून धोंडप्पाला रीतसर नोटीस गेली, तारीख पडली.

मोजणीला आलेले साहेब वयानं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपेक्षाही लहान. तिपाईवर यंत्र लावलं, डोळा लावला, माणसाला खाली पाठवलं आणि चुना टाकायला सांगितला. तो माणूस आमच्या दगडावरून पुढं गेला. धोंडप्पाच्या ओट्यावरून पुढं गेला. घराच्या मागच्या भिंतीपाशी पोचून तिथं त्यानं चुना टाकला.

मला वाटलं, चुकून गेला असेल.

"साहेब, तुमचा माणूस फार खाली गेलाय."

"नाही सर. हद्द तीच. तुमची जागा तिथंपर्यंत आहे."

"मग हे घर?"

"घर जवळजवळ सगळंच तुमच्या जागेत आलंय."

मी तोवर टेप गाडीत ठेवायला शिकलो होतो. ती काढली आणि सगळ्यांसमोर रस्त्यापासून दगडापर्यंत धरली. एकशे ऐंशी फूट. ना कमी, ना जास्त. मी ती साहेबांच्या नाकापुढं नेली.

"सर, आम्ही अशी जमिनीवरून टेप धरत नाही," ते शांतपणे म्हणाले. "आडवं अंतर घेतो. सरळ हवेतून म्हणा."

"हवेतून? जमीन काय हवेत असते?"

ते हसले, आणि ते हसले म्हणून मी आणखी भडकलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण शाळेत असतो तर खडू फेकून मारला असता. तक्रार असेल तर अर्ज करा, एवढं सांगून ते निघून गेले.

धोंडप्पा मात्र रागावला नाही, भांडला नाही, साहेबांना काही विचारलं नाही. नागम्मा दोरीवरचे कपडे काढून आत ठेवत होती, ओले होते तेसुद्धा. निघताना तो माझ्याजवळ आला.

"पावसाच्या आदी उटाव लागंल का, सर?"

"कुणी उठायचं नाही. मोजणी चुकलीय. मी अर्ज करतो."

यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. तो उलट जास्तच गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मला त्या माणसाचं काही कळेना. गाडीत भाई म्हणाले, "सर, तुमी म्हणताय तर मोजणीच चुकली असंल." त्यांचा माझ्यावरचा विश्वास बघून त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता.

अर्ज मी चार दिवस लिहीत होतो. चार कागद झाले. पाचव्या दिवशी सकाळी रुक्मिणीनं हाक मारली. लोणचं घालायचं होतं आणि मोठी बरणी माळ्यावर होती.

"आणि शिडी नीट टेकवा. मागच्या खेपेला सरकली होती."

मी शिडीचा पाय भिंतीपासून चांगला लांब ओढला. वरचं टोक खाली घसरलं.

"अहो, आता माळ्याला पोचत नाही की. इतकी लांब कशाला?"

मी पाय जवळ आणला. मग पुन्हा लांब नेला. मग पुन्हा जवळ. रुक्मिणी कमरेवर हात ठेवून बघत होती. शिडी दहा फुटी. पण खाली फरशीवर तिनं अडवलेली जागा मोजली तर चारच फूट भरत होती. दहा फुटांची शिडी, आणि जमिनीवर चार फूट. उरलेली शिडी उंचीत गेलेली.

"एक शिडी भिंतीला टेकवली आहे." हे गणित मी बत्तीस वर्षं दर वर्षी फळ्यावर काढलं. शिडी, भिंत, जमीन. तीन बाजू, काटकोन, आणि सर्वात लांब बाजू ती तिरकी. ज्यांना ते आलं नाही त्यांना मी बाकावर उभं केलं. आणि तोच त्रिकोण चोवीस चादरी पांघरून माझ्यासमोर पडला होता, तेव्हा मी चपलेनं रेघ मारून मोकळा झालो.

मी बरणी न काढताच खाली बसलो आणि अर्जाच्या पाठीवर गणित मांडलं. कागदावरचे एकशे ऐंशी आडवे. तेवढ्या अंतरात डोंगराची उतरण नकाशावर ऐंशी फूट दिलेली. तिरकी बाजू आली एकशे सत्त्याण्णव. म्हणजे उतारावरून मोजायचं तर एकशे सत्त्याण्णव फूट मोजायला हवं होतं. मी सतरा फूट आधीच थांबलो होतो, आणि त्या सतरा फुटांत धोंडप्पाचा संसार होता.

"काय झालं?" रुक्मिणीनं विचारलं.

"मी नापास झालो," मी म्हणालो. मला खरोखर रडू येत होतं. तिनं स्वतःच शिडी लावली, बरणी काढली आणि मग माझ्यासमोर चहा आणून ठेवला.

भाईंना सांगायला कारखान्यात गेलो. सगळे माग चालू होते, त्यामुळं आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट मला ओरडून सांगावी लागली. पाच-सहा कामगारांनी वळून बघितलं. भाई मला ऑफिसात घेऊन गेले आणि दार लावलं.

"म्हणजे माझी चादर खोटी निघाली?"

"चादर बरोबर होती. डोंगर तिरका होता."

ते बराच वेळ खोकले.

"मग ती जागा कुणाची?"

"कागदानं आपली. दगडानं त्याची."

"आणि घर?"

"घर त्याचं. जमीन आपली. साहेब बरोबर होते."

भाई टेबलावरच्या चादरीची किनार बोटांत धरून बसले होते. "सर, मला यातलं काय कळत न्हाय. मला एवढंच ठावं हाय, कापड फाडून दिलं की दिलं. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन आपण परत मोजत न्हाय. पर चूक कुणाची हुती ते तुमी त्याला सांगा. मी सांगणार न्हाय."

रविवारी आम्ही वर गेलो. ओट्यावर दोन पेट्या आणि एक बोचकं बांधून ठेवलेलं. त्याच्यावर घडी घालून, धुऊन ठेवलेल्या आम्हीच दिलेल्या दोन चादरी. नागम्मा आम्हाला बघून आत गेली.

मी वाटेत सगळं पाठ केलं होतं. त्रिकोण काढून दाखवायला खडूसुद्धा खिशात होता. पण मी तोंड उघडायच्या आधी धोंडप्पाच बोलला.

"सर, एक इचारू का? रागावू नगा. तुमी त्या दिशी जागा मुद्दाम सोडलीसा, आन आता परत का मागताय, त्येवडं सांगा."

"मुद्दाम?"

"डोंगर आडवाच मोजत्यात, ह्ये माज्या बापानं मला लहानपणीच सांगितल्यालं. तुमी चादरी उतारावर टाकाया लागला, तवाच मला कळलं, ह्यांची जागा कमी भरनार. मी इचारलं बी, हितंच का म्हणून. तुमी म्हनला, मी गनिताचा मास्तर हाय. मग मी म्हणलं, ह्यांना न ठावं असून कसं चालंल? मुद्दाम सोडत्यात. घरापुरती सपाटी धोंडप्पाला ऱ्हाऊ दे म्हणून. बोलून दाखवायचं न्हाय, अशी चांगली मानसं असत्यात. म्हणून तर हितं घर बांदलं. न्हाय तर कशाला बांदलं असतं? मग तुमीच मोजनीवाल्यास्नी आनलं, आन तुमीच म्हनला मोजनी चुकली. पाच दिस झालं, आमा दोघांना कायबी उमजंना झालंय."

मी उभाच होतो. आयुष्यात मला कुणी चांगला माणूस म्हटलं नव्हतं. हुशार म्हणाले, कडक म्हणाले, पाठीमागं खडूस म्हणाले. इथं एक माणूस वर्षभर मला चांगला समजून त्या समजुतीवर विटा रचत होता. हो म्हणायला एक क्षण पुरला असता. हो धोंडप्पा, मुद्दामच सोडली होती. भाईंनीही मला खोटं पाडलं नसतं.

भाई खाली बघत होते.

"नाही, धोंडप्पा," मी म्हणालो. "मुद्दाम नव्हती सोडली. मला कळलंच नव्हतं."

"तुमाला?"

"मला. बत्तीस वर्षं तेच शिकवलं, आणि मला कळलं नाही. मंगळवारी मोजणीच्या वेळी कळलं असतं तर त्या साहेबांवर ओरडलो नसतो."

धोंडप्पा ओट्याच्या कडेला बसला. त्याचा मास्तर मोठ्या मनाचाही नव्हता आणि हुशारही नव्हता. दाराआड नागम्माच्या बांगड्या वाजल्या.

"मग आता?" आतून तिनंच विचारलं.

मी भाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली.

"आता कळलंय," मी म्हणालो. "आता सोडतो. उद्या तहसीलला चला, एवढी पट्टी शेजारच्याच्या नावावर कशी करून देतात ते विचारू आणि कागदावर घेऊ. दगड आहे तिथंच राहील."

नागम्मा बाहेर आली, बोचक्यावरची एक चादर उचलली आणि झटकून ओट्यावर पसरली.

"बसा की," ती म्हणाली. "उबं किती ऱ्हानार?"

आम्ही बसलो. थोड्या वेळानं भाई तिथंच आडवे झाले, आणि मी सवयीनं घड्याळ लावलं.