चतकोर गोळी

मित्रांनो, मी गोळ्या कापायची एक जुनी डबी आहे. झाकणात पातं, तळाशी गोळी बसेल एवढी खाच, एवढाच माझा संसार. औषधाच्या दुकानात बरेच दिवस धूळ खात होते. मग एका बाईंनी मला घरी नेलं.

बाई बेकरीत केकवर नावं लिहायच्या. मध्यंतरी त्यांच्या छातीत उगाचच धडधडू लागलं, बंद खोलीत जीव घाबरा होऊ लागला. गोळ्यांनी त्या सावरल्या. बऱ्याच काळाने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता गोळ्या सोडवू या. पण सावकाश. त्रास वाढला तर आधी मला फोन करा."

मग माझं काम सुरू झालं. आधी पाऊण गोळी, मग अर्धी. गोळी कमी झाली की बाईंना घाम फुटायचा. त्या ओटा घट्ट धरून समोर दिसेल त्याचं नाव मोठ्याने घ्यायच्या. "पातेलं. गाळणं. साबण." हळूहळू श्वास जागेवर यायचा. नवरा मात्र फोनवर भावाला हसत सांगायचा, "आमची ही भांड्यांशी गप्पा मारते!"

एकदा तो वैतागला. "अर्धी काय, चतकोर काय! सोडायची तर सोड ना एकदाची!" त्याने गोळ्यांसकट मला कपाटावर भिरकावलं. शरमेने बाईंनी मला खाली काढलंच नाही; गोळी एकदम बंद झाली.

काही दिवसांतच त्या रडत घरी आल्या. स्टुलावर चढून त्यांनी मला खाली काढलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "हात इतका थरथरला, की केकवरचं नाव फिसकटलं. मालक गिऱ्हाइकांसमोर ओरडले."

"पुन्हा अर्धीवर या. यात हरण्यासारखं काही नाही."

पुढे कित्येक महिने मी चतकोर, त्याहून बारके तुकडे पाडले. अखेर गोळी सुटली, हातही स्थिर झाला. पण बेकरीत तोवर दुसरी बाई नावं लिहू लागली होती. आमच्या बाई आता खोकी बांधतात.

परवा पाहुण्यांसमोर नवरा म्हणाला, "मनाचा निश्चय लागतो. मीच सोडवल्या हिच्या गोळ्या."

बाईंनी पाण्याचा ट्रे खाली ठेवला. "गोळ्या मी सोडल्या. तू माझं काम घालवलंस."

कुणी पाण्याला हात लावला नाही.

मी आता गंजक्या खिळ्यांच्या खणात आहे. माझं कौतुक नको. पण मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी असं सावकाश सावरत असेल. मदत जमली नाही तर निदान मागून ढकलू तरी नका.