आता बघा!

मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधल्या मोकळ्या पट्ट्यावर एक पांढरी गाडी उभी होती. आत ना चालक, ना प्रवासी. समोर चकचकीत जाकीट घातलेला विक्रेता. त्याने डोळ्यांवर रुमाल बांधला आणि माइक तोंडाशी धरला.

"चल राणी!"

गाडी आपली आपण निघाली. लोकांनी श्वास रोखले.

"माणूस डुलक्या घेतो, दारू पितो, बायकोशी भांडून स्टिअरिंगवर बसतो! माझ्या राणीला बायको नाही, दारू नाही, झोप नाही! तिला पाठीलाही डोळे आहेत! आता बघा!"

गाडी त्याच्या गुडघ्यांपाशी येऊन गपकन थांबली. टाळ्यांचा नुसता पाऊस. एका गृहस्थाने तर बॉनेटला हात लावून नमस्कार केला. देव परवडला, तो निदान इंजिन तापवून अंगावर येत नाही. मग हाच खेळ आणखी दोन-तीनदा झाला.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई कपाळाला आठ्या घालून हे पाहत होत्या. त्यांना त्यांच्या बाबांनी ओढून आणलं होतं. बाबांचा जन्म ट्रक चालवण्यात गेला आणि काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून संडासापासून दवाखान्यापर्यंत लेकीचा हात. ही गाडी घ्यायची आणि एकट्याने फिरायचं, हा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

"आता राणीसमोर एक आंधळा माणूस बसेल!" विक्रेता गरजला. "आहे कोणी भाग्यवान?"

बाबांचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

"बाबा, हा जिवाशी खेळ आहे."

"जीव माझाच आहे ना? तुझ्या हाताला लोंबकळण्यापेक्षा तो गेलेला बरा."

बाईंना ते फार लागलं. पट्ट्याच्या मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची मांडली गेली आणि बाबा छाती काढून तीत बसले.

पण बाईंनी एक गोष्ट हेरली होती. विक्रेत्याची जीभ सारखी चालायची, गाडी मात्र ठरावीक दोन शब्दांवरच थांबायची. मघाच्या एका खेळात नेमका त्याला खोकला आला, तेव्हा ती त्याच्या पँटला घासून गेली होती. आणि कडेला काळ्या काचांची एक व्हॅन उगीचच उभी होती.

बाईंनी पुढे होऊन माइक हिसकावला. "आधी तुम्ही बसा. तोंडातून चकार शब्द न काढता."

"छे छे, राणीला माझ्या आवाजाची सवय..."

"आवाजाची? तिला डोळे आहेत म्हणालात ना?"

गर्दी हसली. गर्दीला काय, तमाशा कोणाचाही चालतो. "बसा, बसा!" लोक ओरडले. दोघांनी बाबांना बाजूला नेलं, दोघांनी विक्रेत्याला खुर्चीत दाबलं आणि ते मागे सरले.

बाई माइकवर म्हणाल्या, "चल राणी."

गाडी निघाली.

विक्रेत्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आता बघा!" तो ओरडला. "अहो, आता बघा! आता बघा!" माइकविना त्याचा आवाज गर्दीच्या हसण्यात विरून गेला. बाईंनी माइक तळव्याने झाकला होता. त्यांना त्याची दया आली नाही. बाबांना बसवताना त्याला कुठे आली होती?

शेवटी तो उडी मारून चिखलात पडला. खुर्ची चाकाखाली कडाकडा मोडली.

बाईंनी तळवा काढला. "आता बघा," त्या शांतपणे म्हणाल्या. गाडी जागच्या जागी थांबली.

लोकांनी व्हॅनचं दार ओढलं. आत कानाला हेडफोन लावलेला, घामाघूम झालेला एक टकलू माणूस, मांडीवर खेळण्यासारखं स्टिअरिंग. "पडद्यावरचं चित्र अडकतं हो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "म्हणून शब्दावर ब्रेक मारायचा ठरलं होतं."

"थांबली का गं?" बाबांनी विचारलं.

नमस्कार करणारा गृहस्थ अजून तिथेच होता. "आजोबा, खुर्चीत जीव नसतो ना, म्हणून नाही थांबली. तुमच्यासाठी थांबली असती."

बाबांचा चेहरा उजळला. ते बाईंना बघवेना. त्यांनी बाबांना पट्ट्यावर नेलं, खाली बसवलं आणि त्यांचा हात खुर्चीच्या तुकड्यांवर ठेवला. बाबा बराच वेळ चाचपत राहिले. मोडका पाय, चिरफाळलेली पाठ. मग त्यांनी हात पुढे केला. "चल. घरी ने मला."

उद्या खरोखर चालकाविना धावणारी गाडी येईलही, आणि ती माणसापेक्षा नीट चालेलही. तिला नावं ठेवू नका, नमस्कारही करू नका. आपलं माणूस तिच्यासमोर बसवण्याआधी एवढंच करा: विकणाऱ्याला गप्प बसवा, आणि मग बघा.