टाकीतला बोळा

वैजापूर रस्त्यापासून आत कोसभर असलेल्या एका वाडीत, निंबाखाली, बद्रीनाथचा ट्रक नऊ वर्षं उभा होता. या गाडीतून तो वैजापूरचा कांदा औरंगाबादला आणायचा. एका दुपारी ती भर रस्त्यात बंद पडली, आणि बॉनेट उघडून वाकलेल्या बद्रीनाथला दोन माणसांनी लोखंडी गजांनी ठेचून मारलं. चोरांचं काम, असं पोलिसांनी लिहून नेलं. बैलांनी ओढून आणलेल्या ट्रकला पुन्हा कुणी चावी लावली नाही. आता मनकर्णाबाईच्या, म्हणजे बद्रीनाथच्या बायकोच्या, फर्दापूरच्या भावाला गाडी हवी होती. तिलाही वाडीत राहायचं नव्हतं.

तिनं औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यातून हैदर मिस्त्रीला बोलावलं. पहिल्या दिवशी त्यानं चाकांत हवा भरली, ब्रेक मोकळे केले, नवी बॅटरी बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी डिझेल ओतलं, तर इंजिनापर्यंत थेंब येईना. हातपंप मारून मारून त्याचा अंगठा सुजला. पाइप सोडवून त्यानं सायकलच्या पंपानं फुंकला. पाइप साफ होता. म्हणजे खोट टाकीतच. त्यानं टाकी उतरवली, डिझेल काढून घेतलं आणि ती उलटी करून हलवली. आधी गंजाचा काळा चिखल पडला, मग फडक्याचा एक बोळा. मुठीएवढा, तारेनं गच्च आवळलेला.

हैदरनं तो धुऊन बराच वेळ हातात फिरवला.

"भाभी, हा आपोआप नाय जात," तो म्हणाला. "कुणीतरी टाकला. दहा-बारा मैल गाडी चालती, मग हा पाइपच्या तोंडावर बसतो."

मनकर्णाबाईनं तार नखानं खरवडली. तांब्यावर लाल रोगण होतं. विहिरीवरच्या मोटारी ज्या तारेनं गुंडाळतात, ती ही तार. आसपासच्या चार गावांत ते काम एकच माणूस करायचा. तिचा धाकटा दीर पुंजाराम. बांधापलीकडच्या घरात राहायचा.

बोळा तिनं मडगार्डवर ठेवला आणि हैदरला टाकी बसवायला सांगितली. हैदरला सामान उचलून निघून जावंसं वाटत होतं. तरी त्यानं टाकी बसवली, डिझेल परत ओतलं.

तेवढ्यात पुंजाराम आला. गाडी भंगारात घाला म्हणून तो महिनाभर मागं लागला होता. हातात कुऱ्हाडीचा नवा दांडा होता, तासून आणलेला. त्याची नजर मडगार्डवर गेली आणि त्यानं बोळा उचलून खिशात घातला.

"ठेव तिथं," मनकर्णाबाई म्हणाली.

तो तिच्याकडं वळलाच नाही. बोळा काढणारा माणूस समोर होता, त्याच्यावर गेला. पहिला फटका हैदरच्या डाव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मनकर्णाबाईला ऐकू आला. दुसरा कानावर बसला, आणि हैदर चाकापाशी कोसळला. तिसऱ्यांदा दांडा उचलला तेव्हा तिनं चाकाचा पाना दोन्ही हातांनी पुंजारामच्या कोपरावर घातला. दांडा उडाला. तो खाली बसला, लोंबणारा हात पोटाशी धरून.

"मारायचं नव्हतं, वैनी," तो म्हणाला. "हातपाय मोडा म्हणलं व्हतं नुसतं. गाडी माझ्याकडं यावी म्हणून. ती मानसंच येडी निघाली."

मग पाना त्याच्या गुडघ्यावर उतरला. वाटी फुटली. तो ओरडत सरपटत चाकाआड शिरू लागला, तशी तिनं धोतराला धरून त्याला बाहेर ओढलं आणि त्याच पायाच्या नडगीवर आणखी घाव घातले. हाड कातडीतून बाहेर आलं. मातीत सांडलेल्या डिझेलात रक्त पसरलं. पुंजाराम आता ओरडतही नव्हता. तिनं पाना डोक्यावर उगारला.

हैदर कसाबसा उठला. परक्या बाईला हात लावायचा नाही हे विसरून त्यानं उजव्या हातानं तिला कमरेतून मागं खेचलं. तिनं त्याच्या मनगटाचा चावा घेतला, रक्त येईपर्यंत. त्यानं सोडलं नाही. पाना जेव्हा खाली पडला, तेव्हाच त्यानं हात काढला.

पुंजारामची बायको साळूबाई धावत आली. पदर फाडून तिनं त्याची मांडी आवळून बांधली, आणि मग मनकर्णाबाईचेच पाय धरले. एसटी दुपारशिवाय नव्हती. बैलगाडीनं नेला असता तर वाटेतच मेला असता. मनकर्णाबाई हैदरकडं वळली.

"गाडी चालू व्हईल का?" तिनं विचारलं.

"पाइपातली एअर काढावी लागेल," हैदर म्हणाला. "माझा हात चालत नाय. तुम्ही करा."

तो सांगत गेला, ती करत गेली. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून तिनं हातपंप मारायला घेतला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग फेस आला, बुडबुडे आले. तिचे तळवे रक्तानं आणि तेलानं घसरत होते. शंभरेक हातांनंतर बुडबुडे संपले आणि डिझेलची अखंड धार तिच्या मनगटावरून वाहिली. तिनं स्क्रू आवळला. मग इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोजलांचे नट ढिले केले. हैदरनं चावी फिरवली, नटांमधून डिझेल उडालं, तसे तिनं एकेक बंद केले. चौथ्या वेळी ट्रक थरथरला, काळ्या धुराचा लोट निघाला, आणि इंजिन चालू झालं.

पुंजारामला गोधडीवर घालून मागं चढवलं, साळूबाई त्याच्याजवळ बसली. हैदर एका हातानं स्टिअरिंग धरून होता. तो सांगेल तेव्हा मनकर्णाबाई गिअर टाकत होती. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी पुंजारामला उतरवलं, आणि ती स्वतः समोरच्या पोलीस चौकीत गेली. बोळा पुंजारामच्या खिशातून निघाला.

पुंजारामचा पाय मांडीपासून कापावा लागला. तो मरणार अशी त्याचीही खात्री झाली होती, म्हणून त्यानं दोन्ही मारेकऱ्यांची नावं सांगून टाकली. तो मेला नाही. तिघांना जन्मठेप झाली.

मनकर्णाबाईवरही खटला चालला. मारायचंच होतं तर दवाखान्यात का आणलंस, असं वकिलानं विचारलं.

"मेला असता तर बोलला नसता," ती म्हणाली.

तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. हैदरचा खांदा वाकडाच जुळला, वर हात जात नसे. ट्रक तिच्या भावानं फर्दापूरला नेला.