पऱ्हाटीचा धूर

पितांबर मास्तरांनी जन्मात एकच लेख छापून आणला, आणि तोच त्यांच्या अंगाशी आला.

लेख होता पाइपच्या तंबाखूवर. मास्तर भडगावच्या शाळेत असताना गिरणेच्या कालव्यावर एक इंग्रज इंजिनिअर होता. त्याला मराठी शिकायची होती. मास्तर शिकवायला जात आणि साहेब गुरुदक्षिणा म्हणून पाइप भरून देई. घरात विडीलाही न शिवलेल्या या माणसाला तिथे दोन विलायती मिश्रणांची ओळख झाली. एक इंग्लिश, दुसरं बाल्कन. साहेब मायदेशी गेला, मास्तर पेन्शन घेऊन जळगावला आले, आणि पुढे पुष्कळ वर्षांनी, कुणी मागितलेला नसताना, त्यांनी तो लेख लिहिला. पुण्याच्या एका मासिकाने तो छापलाही. अंक हातात पडला तेव्हा मास्तरांना आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. छापलेलं पुसता येत नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

धास्ती खरी ठरायला आठवडासुद्धा लागला नाही. स्टेशनजवळच्या क्लबात झुलाल वकिलांनी तो अंक उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

झुलाल वकिलांचं आणि मास्तरांचं आधीपासून वाकडं होतं. क्लबाच्या मागच्या खोलीत वाचनालय होतं. चार कपाटं, एक लांब टेबल आणि भिंतीवर मास्तरांच्या हातची पाटी, ‘पुस्तकांत लिहू नये’. किल्ली मास्तरांकडे. वकिलांना त्या खोलीत पत्ते खेळायला ब्रिजचं टेबल मांडायचं होतं. त्यात एकदा त्यांनी परत केलेल्या पुस्तकाच्या समासात पेनाने शेरे निघाले, आणि मास्तरांनी कधी नव्हे ते धीर करून चारचौघांत विचारलं, “झुलालभाऊ, हे आपलंच अक्षर ना?” त्या प्रश्नाचं उत्तर वकिलांनी तेव्हा दिलं नाही. ते आता देत होते.

“ऐका,” ते म्हणाले. “मास्तर लिहितात, इंग्लिश मिश्रणात व्हर्जिनियाचं गोड पान पुढे असतं आणि धुरावर धरलेलं लाटाकिया मीठ घातल्याइतकंच. बाल्कनमध्ये उलट. तिथे लाटाकिया आणि आंबूस तुर्की पान पुढे, व्हर्जिनिया मागे. बरं. आता पुढे ऐका. ‘कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचा वास ज्या खानदेशी माणसाने घेतला आहे, त्याला बाल्कन मिश्रण निराळे समजावून सांगायला नको.’” त्यांनी अंक मिटला. “म्हणजे साहेब लोक भरीतच ओढतात म्हणायचं.”

क्लब हसला. मास्तरही कसनुसं हसले. ते वाक्य त्यांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा ठेवलं होतं. वाचणाऱ्याला ओळखीचं काहीतरी द्यावं म्हणून वांगं आणलं होतं, आणि पाकीट टपालात टाकतानाच त्यांना वाटलं होतं की वांगं नको होतं.

हसणं ओसरल्यावर वकिलांनी आवाज उतरवला आणि ते अहिराणीवर आले. क्लबात ते शुद्धच बोलत. अहिराणी फक्त डंख मारायला काढत.

“आबा, खरं सांगा, तुमनं हाई नाक शे का पुस्तक शे? बठ्ठं कॅटलॉगमाधलं शे.”

सगळं कॅटलॉगमधलं, हा आरोप मास्तरांना झोंबला, कारण तो अर्धा खरा होता. पानांची नावं त्यांनी तंबाखूवाल्याच्या कॅटलॉगमधूनच पडताळली होती. चव मात्र त्यांची स्वतःची होती. निदान तसं त्यांना वाटत होतं. बाल्कन ओढून आता इतकी वर्षं झाली होती की जिभेवर चव उरली होती की चवीबद्दल स्वतः लिहिलेली वाक्यं, हे त्यांना रात्री अंथरुणावर नक्की सांगता आलं नसतं. पण चारचौघांत ते म्हणून बसले की दोन पाइप भरून द्या, कुठला कोणता ते सांगतो.

वकील जणू याचीच वाट बघत होते. क्लबाचे अध्यक्ष तोतारामनाना, कापसाच्या जिनाचे मालक, कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते. त्यांच्या साक्षीने ठरलं. वकील मुंबईहून दोन्ही डबे मागवतील. येत्या रविवारी दुपारी मास्तरांनी ओळखलं तर किल्ली त्यांच्याकडे राहील आणि खोलीचा विषय पुन्हा निघणार नाही. चुकले तर खोली ब्रिजला, आणि पुस्तकं नानांच्या जिनाच्या कोठारात. त्या कोठारात सरकीची पोती असत आणि पोत्यांत उंदीर. पहिल्या पावसाळ्यात पुस्तकांचं काय होईल ते मास्तरांना न सांगता कळत होतं.

घरी बायकोने, मंजुळाबाईंनी, एवढंच विचारलं की धूर ओळखून कुणाचं भलं झालंय का. 

रविवारी क्लब भरला होता. टेबलावर कागदात गुंडाळलेले दोन डबे. पाइप मास्तरांचेच दोन, साहेबांनी दिलेले. वकील डबे आणि पाइप घेऊन शेजारच्या खोलीत गेले, पाइप भरून परत आले आणि ते मास्तरांच्या पुढे ठेवले.

“घाई नाही, आबा,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला हा गोडवा मास्तरांना आवडला नाही.

पहिला पाइप सोपा होता. काडी लागताच वाळलेल्या गवताचा गोडसर वास आला, त्यामागे जरासा धूर, आणि थोडं जोरात ओढलं तशी जिभेच्या शेंड्याला व्हर्जिनिया चावली. इंग्लिश. मास्तरांना हायसं वाटलं. चार झुरके घेऊन त्यांनी तो बाजूला ठेवला, गार पाण्याने चूळ भरली आणि दुसरा उचलला.

दुसऱ्याच्या पहिल्या झुरक्यालाच धूर तोंडभर झाला. काळा, दाट. खोलीत कुणीतरी “ओहो” म्हणालं. मास्तरांच्या ओठांवर ‘बाल्कन’ आलंच होतं. इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि सोप्या गोष्टीवर त्यांचा कधीच विश्वास बसत नसे. त्यांनी दुसरा झुरका घेतला. मग तिसरा. आणि त्यांना एकदम भडगावच्या बाहेरचं शेत दिसलं. पौषातली संध्याकाळ, बांधाशी पेटलेल्या पऱ्हाट्या, राखेत काळी पडलेली हिरवी वांगी, हात भाजून घेत साल काढणारे चुलते. साहेबाचा बंगला दिसला नाही. कालवा दिसला नाही. साहेबाच्या मेजावरचा तंबाखूचा चपटा डबा दिसला नाही.

आपण लिहिलं तेच तर हे आहे, त्यांनी स्वतःला समजावलं. वांग्यासारखं लिहिलं, वांग्यासारखं लागलं. मग अडतंय कुठे?

“बोला आता,” वकील म्हणाले.

“जरा थांबा.”

“दोन झुरक्यांत कळतं असं लेखात लिहिलंय तुम्ही.”

लिहिलं होतं. मास्तरांच्या कानशिलाला घाम आला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांना खोलीतून उठून जावंसं वाटत होतं. मागच्या दाराच्या फटीतून कपाटाचा कोपरा दिसत होता. त्यांनी नजर पाइपच्या वाटीत घातली आणि ओढत राहिले, सावकाश, साहेबाने शिकवलं होतं तसं.

वाटी निम्मी झाली तेव्हा ते घडलं. धूर विरला. वरचा काळा वास जळून गेला आणि खालून, आधी चोरट्यासारखा, मग उघड, वाळलेल्या गवताचा गोडवा वर आला. पुढच्या झुरक्याला जिभेचा शेंडा चावला. नेमका पहिल्या पाइपने चावला होता तिथेच.

मास्तरांना आता सगळं दिसलं. इंग्लिश तंबाखूच पऱ्हाट्यांच्या धुरावर धरून भरली होती. बाल्कन म्हणावं, तर वकील हसून सांगणार की हे वांगं आहे आणि या माणसाला वांग्यातलं आणि तंबाखूतलं कळत नाही. नाही म्हणावं, तर अंक उघडून तेच वाक्य पुढे करणार. दोन्ही दारांना वकिलांनी बाहेरून कडी घातली होती. तिसरं दार एकच होतं, आणि त्यातून जायचं तर छापलेलं वाक्य पायाखाली घालून जावं लागणार होतं.

त्यांनी पाइप खाली ठेवला. 

“दोन्ही एकच आहेत,” ते म्हणाले. “दोन्ही इंग्लिश. दुसरीला पऱ्हाटीचा धूर दिलाय.”

 नानांनी डोळे उघडले.

“बाल्कनचा धूर पानाच्या आत असतो,” मास्तर खालीच बघत म्हणाले. “हा वरून बसवलेला. निम्म्यावर गेला.”

नानांनी हात लांब करून डब्यांवरचे कागद स्वतः काढले. इंग्लिशचा डबा निम्मा रिकामा होता. बाल्कनचा बंद होता. झाकणाभोवतीची पट्टीसुद्धा शाबूत. नानांनी तो वकिलांपुढे धरला आणि भुवई वर केली.

वकील मुळीच ओशाळले नाहीत. ते उभे राहिले आणि कोर्टात राहतात तसे एका पायावर भार देऊन बोलू लागले. त्यांनी काही लपवलेलं नाही. बंद डबा तेच दाखवणार होते. लेखकाने बाल्कनची जी खूण छापून दिली आहे, तीच त्यांनी पऱ्हाट्या पेटवून तयार केली. आता लेखकच म्हणतो ही बाल्कन नव्हे. मग लेख खोटा.

“खोटं छापणाऱ्याच्या हातात पुस्तकांची किल्ली ठेवायची का, एवढंच मी क्लबाला विचारतो.”

“वाक्य चुकलंय,” मास्तर म्हणाले. “वांग्याचा धूर वेगळा.”

“मग बाल्कनचा कसा?”

 सांगायला मास्तरांपाशी पुष्कळ होतं, पण त्यातलं काहीही आता त्यांना शपथेवर सांगता आलं नसतं. साहेबाच्या व्हरांड्यातला तो वास त्यांना आठवत होता, असं त्यांना अजूनही वाटत होतं. एवढंच.

नाना उठले. पैज पाइपवर लागली होती, लेखावर नाही, असं म्हणून त्यांनी विषय तोडला. त्यांना झुलालचा राग आला होता असं नव्हे. त्यांना झोप आली होती, आणि खरं तर कोठारात पुस्तकांना जागाही नको होती. किल्ली मास्तरांच्या खिशातच राहिली. कुणीतरी सुचवलं की आता तो बंद डबा फोडा, मास्तरांना एक पाइप भरू द्या, म्हणजे खरं काय ते त्यांनाही कळेल. मास्तरांनी मान वर केली. वकिलांनी डबा उचलून कोटाच्या खिशात घातला.

“माझा आहे,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून वकील क्लबात आले की सरळ मागे जात आणि वाचनालयाच्या खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसत. ब्रिज सोडला, गप्पा सोडल्या. कधी पाइप न ओढलेला हा माणूस खोकत, डोळ्यांत पाणी आणत बाल्कन ओढू लागला. धूर आत जाईल असा सोडी. मास्तरांशी एक शब्द बोलत नसे.

मास्तरांनी खिडकी लावली नाही. पहिल्या दिवशी ते कपाटांशी उगाच खुडबुड करत राहिले. नंतर खिडकीलगत टेबल ओढून बसू लागले. वास यायचा. ओल्या चामड्याचा, मध्येच जळत्या उदासारखा, मागून तुर्की पानाचा आंबूसपणा. वांग्याचा नक्कीच नाही. पण दुसऱ्याने सोडलेला धूर तो. ओढणारा अडाणी, भराभरा ओढून तंबाखू करपवणारा. त्यावर विसंबून काय लिहायचं? त्यांनी कपाटातून तो अंक काढला, आपलं वाक्य असलेलं पान उघडलं आणि पेन हातात धरलं.

वकिलांना खिडकीतून पेन दिसलं, आणि पेनाखालचं पानही. ते बघतच राहिले. खिजवायला धूर सोडता सोडता आपण इतके दिवस या माणसाला लेख सुधारायचं साहित्यच पुरवत होतो, हे त्यांना त्या क्षणी उमगलं असावं, कारण त्यांचा चेहरा तांबडालाल झाला. भरलेला पाइप अजून अर्धासुद्धा जळला नव्हता. त्यांनी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठकठक आपटून रिकामा केला, खुर्ची पायाने सारली आणि जाता जाता वळून म्हणाले,

“घ्या, आबा. पण उष्टं शे बरं का.”

पावलं दूर गेली. कट्ट्यावर राखेचा आणि काळ्या तंबाखूचा लहानसा ढीग पडला होता, अजून धुमसत. मास्तरांनी दाराकडे पाहिलं. त्यांचे स्वतःचे पाइप वरच्या खणात होते. उष्ट्या पेल्याला हात लागला तरी तो धुवायचा, अशा घरात ते वाढले होते. आणि या माणसाचं उष्टं.

त्यांनी खणाला हात लावला नाही. एक कोरा कागद घेतला, ढीग त्यावर सरकवला आणि राख फुंकून टाकली. खाली न जळलेलं पान उरलं. वाटीच्या तळाचं. त्यांनी कागद नाकाजवळ नेला. वकिलांच्या थुंकीचा ओलसर वास होता, करपट होता, आणि त्या सगळ्याच्या आतून तो काळा धूर अजून तसाच येत होता. वर जाळ होऊनही तळात तो जागचा हलला नव्हता.

मास्तर पाटीकडे पाठ करून बसले. अंकातल्या वांग्याच्या वाक्यावर त्यांनी पट्टी धरून सरळ रेघ मारली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘बाल्कनचा धूर तळापर्यंत टिकतो.’ आणखी लिहावंसं वाटलं. उपमेला घोंगडी सुचली, देवळाचा गाभारा सुचला. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मग कागदाची पुडी करून ती खिडकीबाहेर टाकली, आणि खिडकीला आतून कडी घातली.