अर्ध्या लहरीचा वळसा

पाटीएवढी पातळ फळी, तिच्यावर तांब्याचे सोळा चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्याच बारीक वाटा. हा अँटेना धाकटीनं सात महिने खपून आखला होता. तो दरीतल्या वस्तीकडे तोंड करून टॉवरवर लागायचा होता, आणि त्या वस्तीच्या दवाखान्यात तिची ताई नर्स होती. दरीत रेंज नव्हती; फोन करायचा तर ताईला अर्धा तास चढण चढावी लागे. आजची चाचणी फसली तर दरीचं नाव यंदाच्या टॉवरच्या यादीतून जाणार, असं साहेबांनी सकाळीच ऐकवलं होतं.

चाचणीच्या खोलीत चहूकडे लहरी शोषून घेणाऱ्या निळ्या स्पंजचे सुळके. आत शिरलं की आपलाच आवाज परका वाटतो. तिथले तंत्रज्ञ म्हणजे मोजमापं घेण्यात केस पिकलेले काका. त्यांनी बाहेरून फळी सावकाश फिरवली, पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"पोरी, लहर डावीकडे जातेय, उजवीकडे जातेय. समोर मात्र ठणठणगोपाळ."

दरी नेमकी समोरच असणार होती. धाकटीनं आराखडा उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. वेळ वाचवायला तिनं आठच चौकोन आखले होते. उरलेले आठ आरशातल्यासारखे उलटे चिकटवले होते. वाटा कशा सुबक जुळल्या होत्या! पण त्या आठांना लहर उलट्या कडेनं मिळत होती. एकच कपाट दोघांनी दोन बाजूंनी ढकलावं, तसला प्रकार.

"नव्या फळीला दोन आठवडे लागतील," ती पुटपुटली.

"आणि रडायला किती? उपाय बोल."

"या आठांकडे लहर अर्ध्या लांबीनं उशिरा पोचायला हवी, म्हणजे उलटीची सुलट होईल. तेवीस मिलिमीटर जास्तीची वाट."

काकांनी पात्यानं वाट कापली. तिनं तांब्याची पट्टी वळवून तेवढा वळसा सोल्डर केला.

पुन्हा मोजणी. पडद्यावर मधोमध एकच शिखर चढत गेलं, चढतच गेलं. धाकटी उठून स्पंजच्या खोलीत गेली. फळी मुकाट उभी होती. ना चाक, ना मोटर. बोटाच्या पेराएवढ्या उशिरानं न दिसणाऱ्या लहरी एकमेकींना धरून एका दिशेला निघाल्या होत्या. हे गणित तिनं शंभरदा मांडलं होतं. जग खरोखरच तसं वागतं, हे बघून तिच्या अंगावर काटा आला आणि डोळे भरले.

"काका, हे मी नाही हो केलं. हे असतंच. मी नुसती वाट लांबवली."

"बरं. डोळे पूस आणि अहवाल लिही."

तीन महिन्यांनी भर दुपारी ताईचा फोन आला.

"छोटे, दवाखान्यातून बोलतेय! पार आतल्या खोलीतून!"

धाकटी त्या तेवीस मिलिमीटरच्या वळशाचं सांगू लागली.

"ऐक, ठेवते. बाळंतीण अडलीय. मोठ्या डॉक्टरांना व्हिडिओवर घ्यायचंय."

फोन बंद झाला. एरवी ताईनं असं मध्येच तोडलं असतं तर ती दिवसभर फुगून बसली असती. आज तिनं फोन हलकेच टेबलावर ठेवला, आणि ताईची लाइन मोकळी राहावी म्हणून संध्याकाळपर्यंत त्याला हात लावला नाही.